फटाक्याचा प्रसंग काढून टाक

कोल्हापूर

चिरंजीव लेखकास आशीर्वाद.

कथा दोनदा वाचली. पहिल्याच पानावर गणपतीच्या मिरवणुकीत सुतळी बॉम्ब फुटतो आणि फौजेतून परतलेला तुझा हवालदार रस्त्यावर पालथा पडतो. हे काढ. असं घडतच नाही असं नाही, पण तू ते सिनेमातून उचललंयस. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीला जा, चार दिवस पारावर बसून ये. शिपाई म्हणून परतलेल्यालाही गाव 'मेजर' म्हणतं, हे तिथंच कानावर पडेल.

मी फौजेत सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनीत आलो तेव्हा पस्तिशीचा होतो. (आमच्या वेळी पंधरा वर्षांवर पेन्शन बसायची, त्यामुळं आमच्यातले कितीतरी 'रिटायर' चाळिशीच्या आतले. तुझा नायक उगाच काठी टेकतोय.) तोवर मी घरात वर्षाला दोन महिन्यांचा पाहुणा. पाहुण्याला गरम भाकरी, तांबडा रस्सा. त्या खेपेला तिसरा महिना लागला तशी धाकटी माझ्या काळ्या ट्रंकेवर बसून विचारती, "पप्पा, तुमची गाडी कवा हाय?" दुधाचा रतीब, सोसायटीचं कर्ज, भावकीतलं बांधाचं भांडण, सगळं बायको निभावत आलेली. मी दुधाची वही मागितली तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तुम्हाला न्हाई कळायचं." रागानं नव्हे, सहज. मी वही परत खुंटीला अडकवली.

अमेरिकन लेखक हेमिंग्वेची 'सोल्जर्स होम' ही कथा मिळवून वाच. तिच्यातला शिपाई क्रेब्ज पहिल्या महायुद्धावरून १९१९च्या उन्हाळ्यात घरी पोचतो, तोवर गावानं बाकीच्यांचे सत्कार उरकलेले. न्याहारीच्या वेळी आई कामधंद्याचं, देवाचं बोलत राहते आणि हा ताटलीत थिजणाऱ्या चरबीकडं बघत बसतो. लेखक त्यावर एक शब्द जास्त बोलत नाही. तू मात्र पान-पानभर 'अंतर्मनातलं वादळ' लिहितोस!

भाषाही बघ. इतकी वर्षं हिंदीत काढलेला गडी चिडल्यावर पुस्तकी मराठी बोलेल होय? माझ्या तोंडून अजून 'खाना झाला का' निघतं, नातवंडं हसतात.

शेवटचा तिरंग्याला सॅल्यूट मला रुचला नाही. त्याला बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन उभा कर, आणि आतला पोरगेला साहेब "मामा, जरा चहा सांगा" म्हणू दे.

नवा खर्डा घेऊन रविवारी ये. पहाटे चारला आलास तरी चालेल, मी उठलेलाच असतो.