आमच्या घरातले चार सिंह

प्रश्न : बाई, नमस्कार. शेजारच्या घरात मुलगा झाला, त्याचं नाव गझनफर ठेवलंय. त्याच्या आजोबांनी सांगितलं, अर्थ सिंह. मोहरमच्या सवारीपुढं 'शेरे खुदा' अशी हाक लहानपणापासून ऐकतोय. आमच्याकडं देवीचं वाहन सिंह, नरसिंह तर स्वतः देवच. पण तुमच्यात ना मूर्ती, ना वाहन. चित्रही चालत नाही म्हणतात. मग 'देवाचा सिंह' म्हणजे नेमकं काय? आणि शेर म्हणजे वाघ की सिंह?
*एक वाचक, बाळीवेस, सोलापूर*

उत्तर : गझनफर वाचून हसू आलं. आमच्या घरात असले चार आहेत. थोरले मामू अब्बास, मामेभाऊ हमजा, माझा धाकटा भाऊ हैदर आणि आता नातू उसामा. चौघांच्याही नावाचा अर्थ सिंह. चौघांपैकी एकानंही कधी उंदीर मारल्याचं मला आठवत नाही, ते काम अम्मीचं. हैदरला तर विजापूर वेशीतली कुत्री ओळखून होती. अम्मी म्हणायची, "नाम हैदर, अन् कुत्ते कू देखके छत पे!"

अरबीत सिंहाला शब्द फार. आपल्याकडं बघा, सोलापुरात पाऊस एवढासा, तरी त्याला भुरभुर, रिमझिम, सर, झड असे किती शब्द. तसंच ते. असद हा साधा, रोजचा शब्द. लैस, हैदर, उसामा, गझनफर हे त्याचेच भाऊबंद. गझनफर म्हटलं की धिप्पाड, दांडगा सिंह. अब्बासच्या मुळाशी कपाळाला आठ्या घालणं आहे. ज्याच्या नुसत्या चेहऱ्याकडं बघून बाकीचे सिंह पळतात, तो अब्बास. आमचे मामू सूतगिरणीत हजेरीचं काम करायचे आणि दिवसभर हसत असायचे, तो भाग वेगळा.

आता 'शेरे खुदा'. ही हाक हजरत अलींची, म्हणजे पैगंबरांच्या चुलतभावाची आणि जावयाची. मूळ अरबी असदुल्लाह, फारसीत आणि उर्दूत शेर-ए-खुदा. त्यांच्या आईचं नाव फातिमा बिंत असद, म्हणजे असद नावाच्या गृहस्थाची मुलगी. परंपरा सांगते की तिनं बाळाला हैदर म्हटलं. वडिलांच्या नावाचा अर्थ तिनं लेकाच्या नावात आणला. आजोबाचं नाव नातवाला द्यायची रीत तुम्हाआम्हाला नवी नाही. पुढं 628 साली अरबस्तानातल्या खैबरच्या लढाईत समोरून मरहब नावाचा योद्धा स्वतःची फुशारकी मारत आला, तेव्हा अलींनी उत्तर दिलं ते आईच्याच नावानं : 'माझ्या आईनं ज्याचं नाव हैदर ठेवलं, तो मी.' एवढा मोठा वीर ऐन रणात आईनं ठेवलेलं नाव सांगतो, ही गोष्ट मला बाकी सगळ्या पराक्रमापेक्षा जास्त आवडते. शाळेत इतिहास शिकवताना मी ती हमखास सांगायचे.

पण हा मान एकट्या अलींचा नाही. पैगंबरांचे चुलते हमजा, 625 साली उहुदच्या लढाईत शहीद झाले, त्यांनाही 'अल्लाहचा आणि त्याच्या पैगंबराचा सिंह' म्हटलं जातं. सेनापती खालिद बिन वलीद मात्र सिंह नाहीत, ते सैफुल्लाह, अल्लाहची तलवार. अशा नावाला लकब म्हणतात. माणसाच्या वागण्यावरून, गुणावरून लोक हाक मारू लागतात, ती चिकटते. दरबारानं दिलेलं नाव असेल तर तो खिताब. पुढच्या काळात दोन्हींची सरमिसळ झाली आणि जरा अतीही झालं. सुलतान सलाहुद्दीनचे काका बघा : असदुद्दीन शेरकोह. असदुद्दीन म्हणजे धर्माचा सिंह, शेरकोह म्हणजे डोंगराचा सिंह. एका माणसावर दोन सिंह!

तुमच्या खऱ्या शंकेकडं येते. 'अल्लाहचा सिंह' यातला 'चा' वाहनाचा नाही. काबेला बैतुल्लाह म्हणतात, अल्लाहचं घर. म्हणून तिथं अल्लाह राहतो असं कुणी मुसलमान मानत नाही. नातं जोडलं की मान वाढतो, एवढंच. कुरआनात सिंह येतो तोसुद्धा उपमेपुरता. 74व्या सूरेत, म्हणजे प्रकरणात, उपदेशापासून पळणाऱ्यांना 'कसवरा'ला बिचकून उधळलेल्या गाढवांची उपमा दिली आहे. कसवरा म्हणजे सिंह असा अर्थ बरेच भाष्यकार लावतात, काही जण शिकारी असाही लावतात. पूजेचा प्रश्नच नाही.

चित्राचं म्हणाल तर मशिदीत प्राण्याचं चित्र दिसणार नाही. मशिदीबाहेर राजेलोकांनी सिंह भरपूर मिरवले. स्पेनमधल्या ग्रॅनाडाच्या अलहंब्रा महालात एका कारंज्याभोवती दगडाचे बारा सिंह उभे आहेत. इजिप्तचा सुलतान बैबर्स यानं तर नाण्यावरच सिंह घातला. आणि कारागिरांनी यातून एक फार सुंदर वाट काढली : अक्षरांचाच सिंह करायचा. अलींना हाक घालणारी 'नादे अली' ही प्रार्थना अशी वळवून लिहायची की शेपूट, आयाळ, पंजे सगळं अक्षरांचं. असं एक छापील चित्र मामूंकडं भिंतीवर होतं, कुठल्याशा उरुसातून आणलेलं. वाचायला कुठून सुरुवात करायची यावर मी आणि हैदर भांडायचो. तो म्हणायचा शेपटीकडून. मला आजही नीट वाचता येत नाही.

वाघ की सिंह? आजच्या इराणी फारसीत 'शीर' म्हणजे सिंह, आणि गंमत अशी की दूधही त्याच अक्षरांनी लिहितात. सिंहाचा जुना फारसी उच्चार शेर, तोच आपल्याकडं टिकला. पण दख्खनच्या माणसानं सिंह पाहिला कुठं? त्याच्या रानात वाघ. मग वाघालाच शेर म्हणू लागले, आणि खऱ्या सिंहाला वेगळं सांगायचं तर बबर शेर. टिपू सुलतानाच्या शस्त्रांवर वाघाचा चेहरा असतो, तो नीट पाहिला तर अक्षरं निघतात : 'असदुल्लाहिल गालिब', अल्लाहचा सिंह विजयी आहे. अक्षरात सिंह आणि चेहरा वाघाचा! त्याच्या वडिलांचं नाव हैदर अली, हे सांगायला नकोच. आणि मिर्झा गालिब? त्यांचं खरं नाव असदुल्लाह खान. आधी 'असद' या नावानं लिहायचे, नंतर 'गालिब' घेतलं. म्हणजे हजरत अलींचीच लकब, दोन तुकड्यांत.

मोहरमात अंगाला पिवळा रंग आणि काळे पट्टे लावून नाचणारी सोंगं तुम्हीही पाहिली असतील. नवस शेरे खुदाच्या नावाचा, सोंग मात्र वाघाचं. आमच्या गल्लीत हे सोंग घेणारा विणकर होता. रंग वाळून अंग ताठ झालं की त्याला बसता यायचं नाही, उभ्या उभ्याच सरबत प्यायचा.

प्रश्न : आमच्या बैलाचं नाव सर्जा. वडील म्हणतात, हा फारसी शब्द आहे. खरं का?
*एक शेतकरी वाचक, बार्शी*

उत्तर : वडिलांचं बरोबर दिसतंय. फारसीत 'शर्झा' म्हणजे खवळलेला, हिंस्र; सिंहाला लावायचं विशेषण. आदिलशाहीत शर्झाखान हा खिताब होता, आणि कवी भूषणानं शिवाजी महाराजांना 'सरजा' म्हटलं आहे ते याच अर्थानं घेतात. तोच शब्द गोठ्यापर्यंत आला असावा, असं मला वाटतं.

तुम्हाला हा सिंह बघायचा तर विजापूरचा शेर्झा बुरूज गाठा. दगडात सिंहाची तोंडं कोरलेली आहेत आणि वर मुलूखमैदान तोफ, सुमारे 55 टनांची. तोफेचं तोंड म्हणजे जबडा वासलेलं श्वापद, दातांत हत्ती चिरडलेला. ही तोफ तुमच्या शेजारची बरं का. 1549 साली अहमदनगरला ओतली, मग परांड्याच्या किल्ल्यात होती, तिथून 1632 साली विजापूरला नेली. उन्हाळ्यात मी तिच्यावर हात ठेवला होता. धातूची असूनही ती गार लागते. लोक कानाशी कुजबुजून नवस बोलतात, मीही बोलले होते. हैदरला नोकरी लागू दे म्हणून. लागली.

सर्जाचा जोडीदार राजाच असणार. वय मात्र तुम्ही दोघांचंही लिहिलं नाहीत.