पाहुणे आले की चिंगी दिवाणाखाली

"बेल वाजली की ही दिवाणाखाली. ओढून काढायला गेलं की गुरगुरते. मोठी झाल्यावर चावायला लागेल का हो?" कोथरूडच्या एका काकूंचा फोन. शब्द थोडे इकडेतिकडे, पण असा फोन मला वरचेवर येतो.

चिंगी म्हणजे कुत्रीचं गावठी पिल्लू, साडेचार महिन्यांचं. दोन महिन्यांची असताना पार्किंगमधून उचलून आणलेली. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराच्या धास्तीने लसी पुऱ्या होईपर्यंत तिला उंबऱ्याबाहेर नेलंच नव्हतं. काका, काकू आणि कामाच्या मावशी, एवढंच तिचं जग. अडचण अशी की नवी माणसं, नवे आवाज पिल्लू सहज स्वीकारतं ते वय तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतं. लसी संपेपर्यंत तेही सरतं. पहिली लस झाल्यावर आठवड्याभराने तिला कडेवर घेऊन गेटवर उभं राहिलं असतं, रिक्षातून चक्कर मारली असती, तरी पुष्कळ होतं. फक्त भटक्या कुत्र्यांच्या वावराच्या जागी खाली सोडायचं नाही. काकूंना हे ऐकवलं नाही. त्या आधीच रडकुंडीला आल्या होत्या.

मी गेले तेव्हा काकांनी चिंगीला बाहेर ओढून माझ्यासमोर धरलं. "बघ, ताई काही करत नाही." चिंगीची शेपटी पोटाशी, कान मागे, डोळ्यांचे पांढरे कोपरे दिसत होते आणि जीभ सारखी नाकावर. मी सोडायला सांगितलं. मग काकांनी माझ्या हातात बिस्किट दिलं. हा उपाय जवळपास प्रत्येक घरात चालतो, आणि मला तो अजिबात पटत नाही. पिल्लू हावेपोटी पुढे येतं, घास उचलतं आणि मग त्याच्या लक्षात येतं की आपण नको त्या माणसाच्या पार पायाशी आलोय. तिथे कुणी डोक्यावरून हात फिरवायला वाकलं की दात लागतात.

आम्ही उलटं केलं. मी दहा फुटांवर जमिनीवर बसले, तिच्याकडे पाठमोरी नव्हे पण कूस करून, आणि काकूंशी भाजीच्या भावावर बोलत राहिले. मीठ-मसाला न घालता उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे डब्यात होते. अधूनमधून एक तुकडा चिंगीच्या मागे टाकायचा. माझ्या दिशेने नाही, मागे. खायचं तर तिला माझ्यापासून लांबच जावं लागत होतं. सातव्या-आठव्या तुकड्यानंतर ती खाऊन वळली आणि आपणहून पुढे आली. मान लांब, नाक माझ्या चपलेवर, मागचे पाय मात्र पळायच्या तयारीत तिथेच रोवलेले. काका हळूच म्हणाले, "आता हात लावा की!" लावला नाही. पुन्हा तुकडा मागे.

गुरगुरण्यावर रागवायचं नाही, हे काकांना पटवायला सगळ्यात जास्त वेळ गेला. "शिस्त नको का?" अहो, गुरगुरणं म्हणजे तिची नोटीस आहे. ओरडून ती बंद केली, तर पुढच्या वेळी नोटिशीशिवाय चावा बसेल.

मग गृहपाठ. आठवड्यातून दोन-तीन माणसं, एका वेळी एकच, दहा मिनिटं. आधी समोरच्या आजी, मग काठीवाले आजोबा, मग वॉचमन. तिच्याकडे बघायचं नाही, हाक मारायची नाही, चिकन मागे टाकायचं. चिंगीने खाणंच सोडलं, तर माणूस फार जवळ आहे असं समजून त्याला लांब बसवायचं. दिवाणाखालची जागा तिची, तिथून कुणी ओढायचं नाही. मोठं कुटुंब जेवायला येणार असेल, तर तिला सरळ आतल्या खोलीत चघळायचं खेळणं देऊन ठेवायचं.

दोन महिन्यांनी पुन्हा गेले. बेल वाजली तेव्हा चिंगी दिवाणापर्यंत गेली, थांबली आणि वळून मागच्या फरशीकडे बघू लागली, चिकन कुठे पडतंय ते. आजींच्या मांडीवर ती आता हनुवटी टेकवते. हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला मात्र अजून चालत नाही. काकांनी स्कूटरचं हेल्मेट आणून हॉलच्या कोपऱ्यात ठेवलंय, आणि रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी पेपर वाचत बसतात.