विद्यार्थी फिल्मसाठी डीव्हीडीचं कव्हर आणि ट्रेलर कसा करायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मास मीडियाचं शेवटचं वर्ष आहे, बारा-तेरा मिनिटांची फिल्म शूट करून झाली आहे, आता कॉलेजला कव्हरसकट डीव्हीडी आणि एक मिनिटाचा ट्रेलर द्यायचा आहे, आणि सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. २०१६ साली मी याच जागी होतो. आमची फिल्म १४ मिनिटांची, मुक्कामी एसटीच्या कंडक्टरवर. कव्हर मी दोनदा केलं आणि ट्रेलर तीनदा. चुकांचा साठा भरपूर आहे, तोच देतो.

आधी तुम्हाला एक प्रश्न. सेटवर कुणी फोटो काढले होते का? व्हिडिओ नव्हे, फोटो. आमच्याकडे कुणीच काढले नव्हते. सगळ्यांना वाटतं तसं मलाही वाटलं होतं, की फिल्ममधली एखादी फ्रेम उचलायची आणि कव्हरवर लावायची. हिशोब करून बघा. फुल एचडीची फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेल, म्हणजे आडवी. कव्हरची पुढची बाजू १२९.५ मिमी रुंद आणि १८३ मिमी उंच, म्हणजे उभी. आडव्या फ्रेममधून उभा तुकडा कापला की रुंदीतले जेमतेम ७६४ पिक्सेल हाताला लागतात आणि छापताना इंचाला १५० पडतात. छपाईला ३०० हवेत. फोर-केमध्ये शूट केलं असेल तर उंची २१६० मिळते आणि हिशोब बरोब्बर ३०० ला येतो, पण तरी एक अडचण उरतेच: हलत्या माणसाच्या फ्रेममध्ये हातापायांची पुसट फरफट असते. पडद्यावर ती कळत नाही, कागदावर मात्र लगेच डोळ्यात भरते. त्यामुळे कलाकार अजून गावात असतील तर एक दुपार काढा, तेच कपडे, तीच जागा, आणि कॅमेरा उभा धरून फोटो काढा. आम्ही आगारातून पुन्हा परवानगी आणली आणि गाडी सुटायच्या आधीच्या वीस मिनिटांत उरकलं.

आता फोटो कशाचा? माझ्या पहिल्या कव्हरवर पाच चेहरे होते, वर सूर्यास्त, खाली बस. कुणाला वाईट वाटायला नको म्हणून सगळ्यांना घेतलं होतं. छापून आल्यावर ते वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या शुभेच्छुकांच्या रांगेसारखं दिसत होतं. दुसऱ्या कव्हरवर एकही माणूस नव्हता. रिकाम्या गाडीची मागची सीट आणि तिच्यावर फडक्यात बांधलेला जेवणाचा डबा, एवढंच. रूममेटनं बघितलं आणि विचारलं, "कुणाचा रे डबा?" फिल्म नेमकी याच प्रश्नाची होती.

माझ्या मते सगळ्या कामाची मेख इथेच आहे. बघणाऱ्याच्या तोंडून कोणता प्रश्न यायला हवा, ते आधी ठरवा. कव्हर आणि ट्रेलर दोघांनी तोच प्रश्न विचारायचा, उत्तर दोघांनीही द्यायचं नाही. आणि हे काम 'डिझाइन येणाऱ्या' मित्राच्या गळ्यात मारून मोकळं होऊ नका. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर स्वतःच्या मूकपटांची पोस्टरं स्वतः रंगवायचे. तितका हात आपल्याकडे नसला तरी चित्र कोणतं हे दिग्दर्शकानंच ठरवावं, मांडणी मित्राला करू द्यावी.

मापं सांगतो. डीव्हीडीच्या नेहमीच्या डबीचं कव्हर उलगडलं की २७३ बाय १८३ मिमी: मलपृष्ठ १२९.५, कणा (मधली उभी पट्टी) १४, मुखपृष्ठ १२९.५. फाइल उघडताना डावीकडे मलपृष्ठ आणि उजवीकडे मुखपृष्ठ येतं. पहिल्यांदा करणारे हमखास उलटं करतात. चारही बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा छपाई) ठेवा, म्हणजे फाइल २७९ बाय १८९ ची. महत्त्वाची अक्षरं कटिंगच्या रेषेपासून चार-पाच मिमी आत. पातळ डबी घेणार असाल तर कणा निम्मा होतो, म्हणून आधी डबी विकत घ्या, पट्टीनं मोजा, मगच फाइल बनवा. हे कव्हर ए-फोर कागदावर बसतं. प्रेसमध्ये जायच्या आधी घरच्या प्रिंटरवर काळं-पांढरं काढा, कात्रीनं कापा, डबीत सरकवून बघा. डिजिटल प्रेसच्या बारा बाय अठरा इंचांच्या शीटवर दोन कव्हरं बसतात, त्यामुळे भाव विचारताना शीटचा विचारा, नगाचा नको.

कण्यावरच्या नावाला जरा वेळ द्या. चौदा मिलिमीटर ऐकायला बरे वाटतात, पण देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. वरखाली मोकळी जागा सोडली की मूळ अक्षराला पाच-सहा मिलिमीटरच उरतात. इंग्रजी कव्हरांचा नमुना बघून केलं की ही गोची होते. जाड वळणाचा, कमी फुलोऱ्याचा फाँट घ्या. एक टाइप या मुंबईच्या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट मिळतात आणि लहान आकारातही वाचता येतात.

फाँटवरून आमची झालेली फजिती. फिल्मच्या नावात दोन जोडाक्षरं होती. घरी इंकस्केप या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं नीट दिसत होतं. प्रेसमधल्या मशीनवर कोरलड्रॉची जुनी आवृत्ती होती आणि आमचा फाँट नव्हता. चाळीस कव्हरं छापून आली, त्यांवर जोडाक्षरं फुटलेली, पाय मोडलेले, ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर. चूक प्रेसवाल्यांची म्हणावी तर प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, सही माझीच होती. तेव्हापासून नियम केला: प्रेसला देण्याआधी सगळ्या अक्षरांचे कर्व्हज करायचे (म्हणजे अक्षरांचं चित्र होतं, फाँट लागत नाही), पीडीएफ द्यायची, आणि प्रूफ स्वतः नाही, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत काम करणार असाल तर टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय चालू करा, नाहीतर तिथेही हेच होईल. प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेलरची नावं टाकतानाही तसाच एक पर्याय ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये आहे.

रंग सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांच्या पद्धतीत, बदलून बघा. रात्रीचा निळा स्क्रीनवर झकास दिसतो आणि कागदावर जांभळट येतो. आमचा डबा ज्या अंधारात होता तो छपाईत पार काळा झाला, म्हणून पुन्हा छापताना फोटो मुद्दाम उजळवून दिला.

मलपृष्ठावर पन्नास-साठ शब्दांत गोष्ट, दोन लहान फोटो, श्रेयनामावली, कालावधी, भाषा, सबटायटल्स, वर्ष, कॉलेजचं नाव. बस. 'खरी' दिसावी म्हणून मी सेन्सॉरचं 'यू' चिन्ह, डॉल्बीचा लोगो आणि नेटवरून उचललेला बारकोड लावला होता. मार्गदर्शक सरांनी फक्त एवढं विचारलं, "सर्टिफिकेट दाखवा की." जे मिळालेलं नाही त्याचं चिन्ह लावू नका. ती नुसती सजावट नाही, खोटा दावा होतो.

आता ट्रेलर. माझा पहिला ट्रेलर २ मिनिटं १० सेकंदांचा होता. चौदा मिनिटांच्या फिल्मला! शॉट गोष्टीच्याच क्रमानं लावले होते, आणि फिल्मचा शेवटचा शॉट सगळ्यात देखणा म्हणून तोही ठेवला होता. सर म्हणाले, "आता फिल्म कशाला लावतोस, झाली की बघून." दुसऱ्या खेपेला मी यूट्यूबवरचे ट्रेलर बघून बसलो. भराभर कट, मध्येच अंधार, धडाम धडाम आवाज. आमचा गरीब कंडक्टर कुणाचा तरी खून करून पळाल्यासारखा वाटायला लागला.

तिसऱ्या वेळी चित्र बंदच केलं. फिल्ममधली कामाची वाक्यं कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहिली आणि जमिनीवर मांडून बसलो. आठ निघाली, तीन ठेवली. मग नुसते आवाज ऐकले: इंजिन, खिडकीच्या काचेची खडखड, आणि कंडक्टरची घंटी. एसटीनं प्रवास केलेल्याला माहीत असतं, एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. ट्रेलरला सांगाडा तिथे मिळाला. काळा पडदा, डबल बेल, गाडी सुटते. मध्ये ती तीन वाक्यं, त्यातलं एक म्हाताऱ्या बाईला कुणीतरी विचारलेलं, "रोज कुणाला देतेस गं?", आणि ती गप्प राहते तेवढ्यापुरतं. मग डब्याचा शॉट, एक घंटी, चित्र थांबतं, नाव. बावन्न सेकंद. आधी आवाजाची पट्टी पूर्ण केली आणि तिच्यावर शॉट नंतर बसवले. शांत फिल्म असेल तर याच वाटेनं जा असं मी म्हणेन. विनोदी फिल्मचं गणित वेगळं; तिथे एक विनोद पूर्ण द्या आणि दुसरा अर्ध्यावर कापा.

काही गोष्टी मी तेव्हापासून पाळतो. फिल्मच्या शेवटच्या एक-तृतीयांशातला एकही शॉट ट्रेलरमध्ये घेत नाही. फिल्मच्याच टाइमलाइनमध्ये काटछाट करत नाही, तिची प्रत काढून वेगळ्या सीक्वेन्सवर काम करतो (एकदा मूळ फिल्मच कापून सेव्ह केली होती, त्या रात्रीबद्दल न बोललेलं बरं). पडद्यावरची पाटी मनात दोनदा सावकाश वाचून होईल इतका वेळ ठेवतो. आवाज उगाच चढवून ठेवत नाही, कारण यूट्यूब तो साधारण उणे १४ लफ्सच्या (लफ्स हे आवाजाच्या मोठेपणाचं माप) पातळीवर खाली आणतंच. आणि सिनेमाचं गाणं नाही, एखादी ओळही नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी ही गाणी ओळखणारी यंत्रणा ती पकडते, आणि महोत्सवाच्या अर्जात संगीताच्या हक्कांबद्दल विचारतात तेव्हा उत्तर नसतं. गावात हलगी किंवा पेटी वाजवणारा कुणीतरी असतोच, त्याला गाठा, लेखी परवानगी घ्या.

ट्रेलर झाला की गोष्ट माहीत नसलेल्या माणसाला मोबाइलवर दाखवा. "आवडला का" विचारू नका. "कशाबद्दल आहे असं वाटतं" विचारा. आमच्या कँटीनवाल्यानं सांगितलं, "कंडक्टरला कुणीतरी डबा पाठवतंय, पण कोण ते कळंना." मी लॅपटॉप मिटला.

डिस्कबद्दल थोडक्यात. एमपी-फोर फाइल नुसती कॉपी करून जाळली (म्हणजे डिस्कवर बर्न केली) तर ती डेटा डिस्क होते, साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. डीव्हीडी बनवायचं डीव्हीडीस्टायलर हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात मेन्यूवर दोनच बटणं ठेवा, फिल्म आणि ट्रेलर. आपल्याकडे टीव्हीची पाल पद्धत, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ फ्रेम. फिल्म २४ वर शूट केली असेल तर रूपांतरात एकतर चार टक्के वेगानं पळते किंवा हलका झटका येतो, तो आधी तपासा. डीव्हीडीवर ४.७ जीबी जागा असते आणि १४ मिनिटांची फिल्म ८ एमबीपीएसनं (सेकंदाला ८ मेगाबिट) साधारण ८४० एमबी घेते, त्यामुळे दर्जात कंजूषी नको, पण ९.८ च्या कमाल मर्यादेला भिडवूही नका, स्वस्त डिस्क अडखळतात. कमी वेगानं जाळा. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, तोल जातो आणि कधी ड्राइव्हमध्येच सुटतो. प्रिंटेबल डिस्क घ्या किंवा सीडी मार्करनं सुवाच्य लिहा.

महोत्सवांसाठी आता डिस्क जवळपास कुणी मागत नाही, फिल्मफ्रीवेसारख्या साइटवर लिंक द्यायची असते. ट्रेलर खुशाल सार्वजनिक ठेवा, पूर्ण फिल्म मात्र खासगी लिंकवरच असू द्या, कारण काही महोत्सव आधीच ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत.

आणि सबमिशनच्या दिवशी पेन ड्राइव्ह खिशात हवाच. आमच्याकडे बाहेरून आलेल्या परीक्षकांनी डबी हातात घेतली, पुढून बघितली, उलटून मागचं सगळं वाचलं, कण्यावरचं नाव मान वाकडी करून वाचलं. मग लॅपटॉप उघडला, तर त्याला डिस्कची खाचच नव्हती. फिल्म पेन ड्राइव्हवरून बघितली. डिस्क डबीतून बाहेर आलीच नाही, पण डब्याबद्दल त्यांनी बघायच्या आधीच विचारलं होतं.