सहा जणांचा गट अ‍ॅरिझोनातल्या हवासू धबधब्याला मुक्कामी जातोय. सह्याद्रीत ट्रेक केलेत, इथे वेगळं काय सांभाळावं?

सगळ्यात मोठा फरक म्हणजे इथे आधी उतार, चढ शेवटी. गडावर आपण ताज्या पायांनी चढतो. इथे परतीच्या दिवशी, थकलेल्या पायांनी, पाठीवर ओझं घेऊन शेवटचे दोनेक किलोमीटर खडी नागमोडी वाट चढायची असते. म्हणून पहाटे अंधारातच निघा. दरीत उतरणारी वाट जिथे सुरू होते त्या हुआलापाय हिलटॉपपासून सुपाई गाव साधारण १३ किलोमीटर, तंबूची जागा आणखी ३. गावापर्यंत वाटेत पाणी नाही, त्यामुळे प्रत्येकाकडे किमान ३-४ लिटर हवंच. गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा ठेवा.

हवासू सुमारे ३० मीटरचा. पाण्यात विरघळलेल्या चुन्यामुळे तो निळाहिरवा दिसतो. प्रत्यक्ष पाहाल तेव्हा बोलणं थांबेल! पुढचा मूनी धबधबा सुमारे ६० मीटरचा. तिथे बोगदे, साखळ्या आणि ओल्या शिड्यांवरून उतरावं लागतं. हातमोजे न्या, आणि कुणी घाबरलं तर आग्रह अजिबात करू नका.

परवाना तिथल्या हवासुपाई या मूळनिवासी जमातीच्या लोकांकडून आधीच घ्यावा लागतो, एका दिवसात जाऊन येण्याची परवानगी नाही. ते त्यांचं घर आहे, गावात माणसांचे फोटो काढू नका. पावसाळी ढग दिसले तर ओढ्यापासून उंचावर जा. २००८ च्या ऑगस्टमधल्या पुरात पर्यटकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावं लागलं होतं.