मफिनला युरोपा-पार्कला न्यावं का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. श्टुटगार्टला राहता, दोन वर्षांची बीगल मफिन, सहा आणि दहा वर्षांची मुलं, नाशिकहून आलेले सासू-सासरे, आणि जुलैच्या शेवटच्या शनिवारी सगळ्यांनी मिळून युरोपा-पार्क, म्हणजे जर्मनीतल्या रुस्ट गावचं ते मोठं राइडचं पार्क. विचारलंय की कुत्र्याला आत नेता येतं का, आणि नाहीच जमलं तर दोन-तीन तास गाडीत, काच थोडी उघडी ठेवून, चालेल का.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही. कुठल्याही महिन्यात, सावलीत, काच कितीही उघडी ठेवून, नाही. बाहेर २० अंश असताना बंद गाडीत अर्ध्या तासात ३६ आणि तासाभरात ४६ अंशांपर्यंत पारा जातो. बाहेर ३० असेल तर तासाभरात ५६. इथले पशुवैद्य दर उन्हाळ्यात हाच तक्ता दवाखान्यात लावतात, तरी दर उन्हाळ्यात कुणीतरी हे करतंच. काच चार बोटं खाली केल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा मुख्य उपाय. गाडीतली हवाच तापली की धापा टाकून काही होत नाही. त्याचं नेहमीचं तापमान ३८-३९ अंश असतं, ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. आणि तुम्ही तेव्हा रांगेत उभे असाल, सावली सरकलेली तुम्हाला दिसणारही नाही. ही कल्पना मनातून काढूनच टाका.

आता पहिला प्रश्न. हो, युरोपा-पार्कमध्ये कुत्र्याला पट्ट्यावर नेता येतं. लसीकरणाची नोंद असलेलं निळं पुस्तक सोबत ठेवा, रेबीजची लस चालू मुदतीत हवी. राइडमध्ये अर्थातच नाही. शेजारच्या रुलांटिका या वॉटरपार्कमध्येही नाही. तिकिटं काढण्याआधी पार्कच्या संकेतस्थळावरचा त्या हंगामाचा नियम एकदा वाचा, एवढंच.

पण आत सोडतात, एवढ्यावरून न्यायचं ठरवू नका. आम्ही तसंच ठरवलं होतं.

आमचा चिकू पुण्याचा. कोथरूडला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी जन्मलेल्या पिल्लांपैकी एक. त्याला जर्मनीत आणताना रेबीजची लस, मग निदान ३० दिवसांनी रक्ताची चाचणी, मग तीन महिन्यांची वाट, असं सगळं केलं. एवढं करून आणलेला जीव, त्याला घरी एकटं कसं ठेवायचं, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही त्याला एका मोठ्या पार्कात घेऊन गेलो. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण चूक पार्कची नव्हती. आमचा हिशेब असा होता की हा रस्त्यावरचा, रिक्षा-बस-गणपतीचे ढोल ऐकत वाढलेला, याला गर्दीचं काय विशेष. ऑगस्टचा शनिवार, बाहेर ३१ अंश.

दुपारी एकच्या सुमाराला तो चालेना. आम्हाला वाटलं हट्ट करतोय. मी पट्टा ओढला, मुलीने बिस्किट दाखवलं. तो एका बाकाखाली शिरला आणि तिथेच पसरला. कुंई नाही, भुंकणं नाही. नवऱ्याने उचलून घेतला तेव्हा पंजे दिसले. दोन गाद्यांवर फोड आले होते, एकीचं कातडं सुटलं होतं. सकाळपासून तापलेल्या डांबरावर तो आमच्या मागे मुकाट चालत होता. पंधरा दिवस पट्ट्या बदलल्या. आजही तो पट्टा ओढलेला सहन करत नाही, लगेच बसतो. त्या दिवसापासून मी हे सगळं इतक्या तपशिलाने बघायला लागले.

म्हणून मफिनबद्दल आधी तीन गोष्टी स्वतःला विचारा. हाताचा पंजा उलटा करून रस्त्यावर सात सेकंद ठेवता येतो का? नाही ठेवता आला तर तिने त्यावर चालायचं नाही. पार्कात फरशी आणि डांबरच जास्त, गवत कमी. दुसरं, दिवाळीच्या किंवा इथल्या ३१ डिसेंबरच्या फटाक्यांत ती काय करते? पलंगाखाली जात असेल तर पार्क तिच्यासाठी नाही. कुत्र्याला आपल्याहून दुप्पट वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येतात. ब्लू फायरसारख्या रोलरकोस्टरची गाडी अडीच सेकंदांत ताशी १०० किलोमीटरचा वेग घेते, तेव्हा आपल्याला एक 'सुंऽऽ' आणि किंकाळ्या ऐकू येतात. तिला त्यात आणखी काय काय ऐकू येत असेल! आणि तो आवाज दर काही मिनिटांनी, दिवसभर. तिसरं, आठवडी बाजारात किंवा नाताळच्या बाजारात तास-दोन तास ती शांत राहते का? हे करून बघितलं नसेल तर आधी ते करा. शनिवारी सकाळी श्टुटगार्टच्या मार्क्टहालेच्या आसपास एक फेरी मारलीत तरी बरंच कळेल. ती सतत ओठ चाटत असेल, गार हवेतही जांभया देत असेल, शेपटी खाली, कान मागे, तर तिला ते नको आहे. शेपटी हलतेय म्हणजे खूश आहे, असं दरवेळी नसतं.

बीगलचं आणखी एक. ती नाकाने जगणारी जात. पार्कात जमिनीवर पॉपकॉर्न, सॉसेजचे तुकडे, चॉकलेट, द्राक्षं, सगळं पडलेलं असतं. चॉकलेट, द्राक्षं, कांदा आणि झायलिटॉल असलेली साखरमुक्त च्युइंगगम, यातलं काहीही तिच्या पोटात जायला नको. तोंडाच्या जाळीची सवय असेल तर उत्तम. नाहीतर पट्टा आखूड आणि एका मोठ्या माणसाचं लक्ष पूर्ण वेळ तिच्याकडे. मुलांच्या हातात पट्टा देऊ नका. गळपट्ट्याऐवजी अंगातला हार्नेस घाला, कारण घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून गळपट्ट्यातून अलगद निसटतं. तिच्या कातडीखालच्या ओळख-चिपची नोंद टासो या पाळीव प्राण्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे केलेली आहे ना, तेही एकदा बघा. दुकानातून किंवा ब्रीडरकडून चिप लावून आलेली असली तरी तुमच्या नावाची नोंद तुम्हालाच करावी लागते. हे अनेकांना माहीतच नसतं.

हे सगळं जमण्यासारखं असेल तर दिवस असा आखा.

जुलैचा शनिवार सोडा. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या आपल्या राज्यातल्या शाळांना त्याच सुमाराला सुट्टी लागते, उन्हाळा ऐन भरात असतो आणि र्‍हाइनच्या खोऱ्यातलं ते ऊन दमट असतं. सासू-सासरे ऑक्टोबरपर्यंत आहेत असं लिहिलंत, मग सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्यानंतरचा रविवार धरा. पुढे हॅलोविनची सजावट, धूर, मुखवटे सुरू होतात, ते मात्र टाळा. गाडीने येणार असाल तर वाटेत दोनदा थांबा. रेल्वेने येणार असाल तर स्टेशन रिंग्सहाइम/युरोपा-पार्क, तिथून रुस्ट गावापर्यंत बस. रेल्वेत मांजरापेक्षा मोठ्या कुत्र्याला लहान मुलाचं तिकीट लागतं, पट्टा आणि जाळीही लागते. जाळीची सवय त्यासाठीही आधीच लावा.

दार उघडायच्या तासभर आधी पोचा आणि मफिनला टाउबरगीसनला न्या. हे पार्कच्या अगदी शेजारचं संरक्षित क्षेत्र आहे, र्‍हाइनच्या काठचं पाणथळ जंगल. पट्टा तिथेही सोडायचा नाही, पण हुंगायला तिला हवं तेवढं मिळेल. नाक दमलं की कुत्रं शांत होतं. आमच्या घरी तर हा मंत्रच झालाय.

आत गेल्यावर श्लॉस बाल्थाझारच्या बागेत मुक्काम टाका. १४४२ सालचा हा वाडा पार्क होण्याच्या कितीतरी आधीपासून तिथे उभा आहे. पार्क १९७५ साली त्याच्याभोवती वाढलं. भोवतीची झाडं जुनी, सावली दाट, आणि मोठ्या रोलरकोस्टरांचा कल्लोळ तिथे दुरून येतो. सासू-सासरे राइडमध्ये बसणार नसतील तर त्यांच्यासाठीही जागा चांगली आहे. पण मफिनला पूर्णपणे त्यांच्यावर सोपवू नका. बीगल एकदम झेपावली तर साठी-सत्तरीच्या माणसाच्या खांद्याला झटका बसतो, पडायलाही वेळ लागत नाही. तुम्ही आणि तुमचे मिस्टर आळीपाळीने त्यांच्यासोबत थांबा, दुसऱ्याने मुलांना घेऊन जावं. राइड कमी होतील. दिवसभरात पाच-सहा झाल्या तर भरपूर, हे मुलांना घरीच सांगून ठेवा, म्हणजे तिथे रडारड होत नाही.

पाण्याचा वाडगा, तिची रोजची चादर (स्वतःच्या वासाच्या कापडावर ती लवकर टेकते), शीच्या पिशव्या, ओला टॉवेल. धाप फार लागली, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, पाय लटपटले, की राइड, जेवण, सगळं सोडून सावलीत न्यायचं, पाय-पोट-अंग पाण्याने भिजवायचं, वारा घालायचा आणि ताबडतोब पशुवैद्य. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, आत उष्णता कोंडते. आणि दुपारी दोनला परत निघायची तयारी ठेवा. तिकिटाचे पैसे वसूल करायला थांबू नका.

आणखी कुणीतरी इतर पार्कांचंही विचारलंय, त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या मते कुत्र्याला घेऊन जायला युरोपातलं सगळ्यात बरं पार्क नेदरलँड्समधलं एफ्टेलिंग, काट्सहोइफेलचं. १९५२ पासूनचं, मुळात जंगलात वसवलेलं, परीकथांच्या भागात वाटा झाडांखालून जातात. पट्ट्यावर कुत्री चालतात. तिथे होले बोले खेइस नावाचे बोलणारे कचऱ्याचे डबे आहेत, कागद टाका म्हणून ओरडतात आणि तोंडाने ओढून घेतात. चिकूला त्यातला एक अजिबात पटला नाही, म्हणून लांबून जा. अमेरिकेत न्यूजर्सी-पेन्सिल्व्हेनियाच्या मंडळींना एलिसबर्गचं क्नोबेल्स हे पार्क आहे. आत जायला पैसे नाहीत, राइडपुरते द्यायचे, आणि कुत्रं पट्ट्यावर चालतं. म्हणजे अर्ध्या दिवसात परत निघालात तरी हळहळ नाही. डिस्नेलँड पॅरिसला पाळीव कुत्र्यांना आत प्रवेश नाही, बाहेर सांभाळण्याची सोय आहे. पण अनोळखी पिंजऱ्यात दिवसभर ठेवण्यापेक्षा मी घरीच ठेवीन.

खरं तर मफिनसाठीही मला तेच जास्त पटतं. ओळखीच्या माणसाकडे किंवा चांगल्या हुंडेपेन्सिओनमध्ये, म्हणजे कुत्र्यांना सांभाळणाऱ्या वसतिगृहात, आधी एक रात्र सवय करून. तिला रोलरकोस्टर बघायचा नाहीये. तिला तुम्ही हवे आहात, ते संध्याकाळी मिळालात तरी चालतं. पण मुलांना ती सोबत हवीच असेल, तर वरचं सगळं बघून न्या.

आम्ही ओफेनबुर्गला राहतो, रुस्टपासून फार लांब नाही. सप्टेंबरचं ठरलं तर कळवा. चिकूचं बीगलांशी जमतं. एखाद्या रविवारी येऊन दोघांची ओळख करून द्या, आणि जमलं त्यांचं, तर पार्कच्या दिवशी मफिनला आमच्याकडे सोडून जा.