साथ आली आणि दवाखाना बंद ठेवावा लागला, तर दाताच्या पेशंटना कसं कळवत राहायचं?

तुम्ही लिहिलंय की हिंगोली जिल्ह्यात नुकताच दाताचा दवाखाना टाकलाय. कोरोनासारखी साथ पुन्हा आली तर पेशंटना माहिती कशी देत राहायची, व्हॉट्सॲपवर एक मेसेज टाकला की भागतं का, असं तुम्ही विचारलंय. नाही भागत. मी परभणी जिल्ह्यात सेलूला दाताची डॉक्टर आहे, आणि हे मला एका आजींचा सुजलेला गाल बघून कळलं.

22 मार्च 2020 ला जनता कर्फ्यू झाला. दुसऱ्या दिवशी मी शटरवर कागद चिकटवला, "दवाखाना 31 मार्चपर्यंत बंद राहील." मग 31 खोडून 14 एप्रिल केलं, मग 3 मे, मग 17 मे. शेवटची तारीख खोडताना समोरचे मेडिकलवाले काका म्हणाले, "मॅडम, आता तारीख नका टाकू. लोकांचा इश्वास उडायलाय." त्यांचं बरोबर होतं. जी तारीख माझ्या हातातच नव्हती ती मी चार वेळा लिहिली होती. मग नवा कागद लावला: नेहमीची कामं बंद आहेत. ठणका, सूज, रक्त थांबत नसेल किंवा तोंडाला मार लागला असेल तर या नंबरवर फोन करा, सकाळी 10 ते 12 आणि संध्याकाळी 6 ते 8 मी स्वतः उचलते. पुढची माहिती रविवारी. दवाखाना कधी उघडणार हे मला सांगता येत नव्हतं, पण फोन कधी उचलणार हे नक्की सांगता येत होतं.

आता आजींचं सांगते. वालूरच्या पुढच्या एका खेड्यातल्या. खालच्या दाढेचं रूट कॅनाल अर्धं झालेलं, आत औषध ठेवून वर कच्चं सिमेंट भरलेलं, पुढची तारीख 27 मार्च. लॉकडाऊन लागल्यावर यादीतल्या सगळ्यांना मेसेज गेला, तसा त्यांच्या नंबरवरही गेला आणि उलट अंगठ्याचं चिन्ह आलं. मी निर्धास्त झाले. तो नंबर चाकणला कंपनीत कामाला असलेल्या नातवाचा होता. मे महिन्याच्या सुरुवातीला मुलगा मोटरसायकलवर बसवून त्यांना घेऊन आला, तेव्हा सूज गालावरून जबड्याखाली उतरली होती आणि तोंडात माझं एक बोट कसंबसं जात होतं. चार दिवस फडक्यात गुंडाळलेल्या विटेचा शेक दिला होता, दाढेत मशेरी दाबली होती. पदराच्या गाठीतून त्यांनी माझ्या दवाखान्याचं कार्ड काढलं, घामानं मऊ पडलेलं, त्यावर माझ्याच अक्षरात 27 लिहिलेलं. म्हणाल्या, "तारीख तर निघून गेली बाई. मला वाटलं, तुमी बोलवताल तवा यावं."

पू काढला, औषधं दिली, दोन दिवस फोनवर राहिले. आजी वाचल्या, दाढ गेली. जबड्याखालची सूज दोन्ही बाजूंनी पसरली की श्वास अडू शकतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

त्या रात्री मी रजिस्टर घेऊन बसले. सगळ्या पेशंटना एकच मेसेज पाठवणं ही चूक होती. ज्यांचं काम अर्धवट आहे त्यांची यादी वेगळी काढली: अर्धं रूट कॅनाल, टाके काढायचे राहिलेले, तारा लावलेली मुलं, नवी कवळी टोचणारे म्हातारे. 43 नावं निघाली. तीन दिवसांत प्रत्येकाला फोन केला, आणि ज्याच्या तोंडात दात आहे त्याच्याशीच बोलायचं हा नियम ठेवला. नातू, सून, शेजारी कुणीही फोन उचलला तरी "त्यांच्याकडं द्या" म्हणायचे. काहींकडं फोनच नव्हता. तिथं गावातल्या आशाताईंना विनंती केली, एका ठिकाणी किराणा दुकानदारानं निरोप दिला.

फोनवर सांगायचं ते साधं असतं, पण तेच कुणी सांगत नाही. गालाला बाहेरून शेक देऊ नका, सूज वाढते. दुखऱ्या दाढेजवळ ॲस्पिरिनची गोळी किंवा तंबाखू धरू नका, तोंडाचं कातडं भाजतं. कोमट मिठाच्या पाण्यानं चूळ भरा. कॅप निघाली तर डबीत जपून ठेवा, फेकू नका. तार टोचत असेल तर टोकाला मेण लावा. दात काढलेल्या जागी रक्त आलं तर स्वच्छ कापसाची घडी अर्धा तास घट्ट चावून धरा, सारखं थुंकू नका. सूज उतरावी म्हणून कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइड घेऊ नका. ताप, तोंड न उघडणं, गिळायला त्रास, यातलं काही झालं तर माझ्या फोनची वाट न बघता थेट सरकारी दवाखाना गाठा. गोळी सांगण्याआधी मी शुगर, बीपी, किडनी आणि रक्त पातळ करायची गोळी विचारायचे. बऱ्याच जणांना गोळीचं नाव सांगता येत नाही, त्यांना पाकिटाचा फोटो पाठवायला सांगायचे.

19 मे 2020 ला केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं दातांच्या दवाखान्यांसाठी सूचना काढल्या. कंटेन्मेंट झोनमध्ये दवाखाना बंद आणि फक्त फोनवर सल्ला, रेड झोनमध्ये फक्त तातडीचं काम, आणि नेहमीची कामं सगळीकडंच पुढं ढकलायची. ती इंग्रजी पीडीएफ पुढं ढकलणारे डॉक्टर मी पाहिलेत. कृपा करून तसं करू नका. मी एका मिनिटाचा आवाजी मेसेज केला, आपल्या बोलीत, आणि कारणही सांगितलं. आपली मशीन दात कोरताना पाण्याचा बारीक फवारा उडवते, त्यात तोंडातली लाळ मिसळते आणि तो खोलीत तरंगतो. कापसावर फवारणी करताना आपण वाऱ्याच्या तोंडाला उभं राहत नाही, तसंच हे. "डॉक्टर घाबरून घरी बसली" असं बोलणारेही त्यानंतर समजून घ्यायला लागले. दवाखाना उघडल्यावर खिडक्या उघड्या, एका पेशंटनंतर दुसऱ्याला एक तासानं घेणार आणि पीपीई किटचे जास्तीचे पैसे किती, हे सगळं फोनवरच आधी सांगून टाकायचे. पैशांचं आधी सांगितलं तिथं एकदाही वाद झाला नाही.

ताप, खोकला, वास जाणं, हे विचारल्यावर लोक खोटं बोलायचे. घर सील होईल ही भीती होती, दोष त्यांचा नव्हता. मग मी प्रश्नाच्या आधी एक वाक्य जोडलं: "ताप असला तरी तुमचं काम नाकारणार नाही, फक्त कधी आणि कसं करायचं ते ठरवायचंय." त्यानंतर खरं सांगणारे वाढले.

सप्टेंबरात माझी सहायक पॉझिटिव्ह आली. त्या आठवड्यात येऊन गेलेल्या 11 जणांना मी स्वतः फोन केले, तिचं नाव न घेता. दोघं खूप चिडले, एकानं ऐकायला नको ते ऐकवलं. ते फोन मी सहायकेवर किंवा मेसेजवर सोडले नाहीत याचं मला आजही बरं वाटतं.

आणि 2021 चा मे, म्युकरमायकोसिसचा, म्हणजे काळ्या बुरशीच्या आजाराचा. तेव्हा पाठवलेला मेसेज माझ्या मते सगळ्यात उपयोगी ठरला: कोरोनातून बरे झालात, शुगर आहे किंवा स्टेरॉइड घेतलंय, आणि वरचे दात अचानक हलायला लागले, हिरडीतून पू येतोय, चेहऱ्याची एक बाजू सुजली किंवा बधिर झाली, टाळूवर काळा डाग दिसतोय, तर त्याच दिवशी फोन करा. जिंतूरकडच्या एका शेतकरी मामांनी केला. "मॅडम, चार दात एकदमच हलायलेत, तुमी सांगितलं तसंच." त्याच दुपारी त्यांना औरंगाबादला घाटीच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. वरच्या जबड्याचा तुकडा काढावा लागला, डोळा वाचला. आता ते टाळूला प्लेट लावून भाकरी खातात.

तुमच्या व्हॉट्सॲपच्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. ग्रुप करू नका, कुणाला काय झालंय आणि कुणाचा नंबर काय, हे सगळ्या गावाला दिसतं. ब्रॉडकास्ट यादी करा, त्यात एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. पण ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, म्हणून पेशंट खुर्चीवरून उतरला की तिथंच त्याच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह करून घ्या. आणि साथीची वाट न बघता आजच रजिस्टरमध्ये दोन रकाने वाढवा: हा फोन कुणाचा आहे, आणि तो माणूस पेशंटच्या घरातच राहतो का. आजींच्या नावापुढं आता शेजारच्या अंगणवाडीताईंचा नंबर आहे.