रिसेप्टर गेला कुठे? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

या वेळी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच रिसेप्टरबद्दल (पेशीवरच्या, ठरावीक पदार्थ पकडणाऱ्या प्रथिनाबद्दल) आहेत: लोह वाहणारे ट्रान्सफेरिन पकडणारा ट्रान्सफेरिन रिसेप्टर, म्हणजेच सीडी७१. पेशीला लोह लागले की ती हा रिसेप्टर पृष्ठभागावर आणते. म्हणून वाढणाऱ्या पेशींवर आणि कोवळ्या तांबड्या पेशींवर तो भरपूर असतो.

प्रश्न: सिकलसेलच्या रुग्णांच्या रक्तात सीडी७१ असलेल्या पेशी फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर) मोजायच्या आहेत. सीडी७१ला धरणाऱ्या अँटिबॉडीचा ओकेटी९ क्लोन (ठरावीक वाण), पीई हा चमकणारा रंग जोडलेला, घेतला. १०० मायक्रोलिटर रक्त, अमोनियम क्लोराईडने लायसिस (तांबड्या पेशी फोडणे), मग अँटिबॉडी. निरोगी माणूस असो की रुग्ण, हाती जवळजवळ काहीच येत नाही. अँटिबॉडी खराब निघाली का?
*— एम.एस्सी. विद्यार्थिनी, नंदुरबार*

उत्तर: अँटिबॉडीला दोष देण्याआधी लायसिसकडे पाहा. रक्तातला सीडी७१ मुख्यतः कोवळ्या रेटिक्युलोसाइटवर (नुकत्या तयार झालेल्या तांबड्या पेशींवर) असतो, आणि अमोनियम क्लोराईड तांबड्या पेशींबरोबर त्यांनाही फोडते. ज्यांना मोजायचे त्याच पेशी तुम्ही सुपरनेटंटबरोबर (वरच्या द्रवाबरोबर) ओतून देताय. ही पद्धत पांढऱ्या पेशींसाठी आहे. तुमच्या कामात लायसिस करायचेच नाही.

रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत घ्या, ४ अंशांवर ठेवा आणि शक्यतो त्याच दिवशी वापरा. रेटिक्युलोसाइट नळीतही पिकत राहतात आणि पिकताना सीडी७१ टाकून देतात. धडगाव, अक्कलकुव्याहून नमुना जीपमध्ये उघडा आला, तर आकडा वाटेतच घसरतो. त्यामुळे थंड पेटी हवीच.

निरोगी माणसाच्या १ मायक्रोलिटर रक्तात सुमारे ५० लाख तांबड्या पेशी असतात. ५ मायक्रोलिटर रक्त ९९५ मायक्रोलिटर बफरमध्ये मिसळले, की त्यातल्या ४० मायक्रोलिटरमध्ये १० लाख पेशी येतात. रुग्णाच्या रक्तात पेशी कमी असतात, कधी निम्म्याच. तेव्हा सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) आकडा बघून दर नमुन्याला हे गणित नव्याने करा. सगळ्यांना तेच ४० मायक्रोलिटर घेतलेत, तर पेशींच्या मानाने अँटिबॉडीचे प्रमाण दर नळीत वेगळे पडेल.

बफर म्हणजे पीबीएस (फॉस्फेट आणि मिठाचे द्रावण), १ ते २ टक्के सीरम आणि २ मिलिमोलर ईडीटीए. १० लाख पेशी १०० मायक्रोलिटरमध्ये घ्या, अँटिबॉडी घाला, बर्फावर अंधारात ३० मिनिटे ठेवा. मग ५०० जीवर ५ मिनिटे फिरवून दोनदा धुवा. हे 'जी' (गुरुत्वाच्या पटीतला जोर) म्हणजे आरपीएम (मिनिटाला फेरे) नव्हे, ही गल्लत फार होते. रोटरची त्रिज्या १० सेंमी असेल तर ५०० जी म्हणजे साधारण २१०० आरपीएम.

अँटिबॉडी किती घालायची? डबीवरच्या आकड्यावर थांबू नका. १ मायक्रोग्रॅमपासून निम्मे निम्मे करत ०.०३ पर्यंत सहा नळ्या लावा. सर्वांत चमकदार नळी निवडू नका. पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यात अंतर सर्वांत जास्त पडते, ते प्रमाण धरा. जास्त अँटिबॉडीने निगेटिव्ह पेशीही उजळतात आणि तुमच्यासारख्या विरळ मोजणीत तेच घातक ठरते. सोबत एक नळी त्याच रंगाच्या माऊस आयजीजी१ आयसोटाइपची (सीडी७१ला न धरणाऱ्या, तुलनेसाठीच्या अँटिबॉडीची), तितक्याच मायक्रोग्रॅमची ठेवा.

निरोगी माणसात या पेशी इतक्या विरळ असतात की १०,००० इव्हेंट (यंत्राने नोंदलेल्या पेशी) घेऊन भागत नाही. किमान १ लाख घ्या. ०.१ टक्का पेशी असतील, तरी १०० इव्हेंट हाती येतात.

तांबड्या पेशी ओळखायला सीडी२३५ए या त्यांच्यावरच्या प्रथिनाची अँटिबॉडी लावणार असाल तर सावध. ही अँटिबॉडी पेशींना एकमेकींना चिकटवते, आणि गुठळ्या सायटोमीटरवर एकच मोठी पेशी म्हणून दिसतात. तिचे प्रमाण फार कमी ठेवा आणि डबलेट गेट (चिकटलेल्या पेशी मोजणीतून वगळण्याची सोय) लावाच. रेटिक्युलोसाइट रंगवणारा थायाझोल ऑरेंजही वापरणार असाल, तर तो एफआयटीसी या हिरव्या रंगाच्या चॅनलमध्ये बसतो. पीई निवडलात ते बरे, पण कंपेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्याच्या चॅनलमध्ये सांडणारा उजेड वजा करणे) करा.

रुग्णाला अलीकडे रक्त चढवले आहे का आणि हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलचे औषध चालू आहे का, हे नोंदवहीत लिहाच. दोन्हींमुळे रेटिक्युलोसाइटचे प्रमाण उतरते. सिकलसेलच्या नुसत्या वाहकांत (आजार नसून एकच सदोष जनुक असलेल्यांत) ते वाढलेले असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

प्रश्न: हेला (प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या) पेशींवर सीडी७१चा सिग्नल एका आठवड्यात छान, दुसऱ्यात अर्धा. क्लोन तोच, लेसर तोच.
*— संशोधक विद्यार्थी, शिरपूर*

उत्तर: पेशी फ्लास्कपासून ट्रिप्सिनने (प्रथिने कापणाऱ्या एन्झाइमने) सोडवता ना? ट्रिप्सिन या रिसेप्टरचा बाहेरचा भाग देठाशी कापते, आणि तुमची अँटिबॉडी नेमकी त्याच भागाला धरते. एखाद्या दिवशी २ मिनिटे, एखाद्या दिवशी ७ मिनिटे ठेवले, की सिग्नल तसाच हलतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम नसलेल्या पीबीएसने धुऊन त्यातच ५ मिलिमोलर ईडीटीए घाला, ३७ अंशांवर ५ ते १० मिनिटे ठेवा आणि फ्लास्कला हलके टकटक करा. ट्रिप्सिन टाळताच येत नसेल, तर सीरमने थांबवून न चिकटणाऱ्या डिशमध्ये काही तास सावरू द्या.

सोडवल्यावर पेशी लगेच बर्फावर. हा रिसेप्टर ३७ अंशांवर सतत आत-बाहेर फिरतो आणि अँटिबॉडीच्या दोन हातांनी दोन रिसेप्टर जोडले, की तो आणखी आत ओढला जातो. शिवाय फ्लास्क भरून पेशींची वाढ थांबली, की सीडी७१ आपोआप उतरतो. दर वेळी ६० ते ७० टक्के भरलेलाच फ्लास्क घ्या.

खात्रीसाठी एक सुंदर कंट्रोल आहे: एका फ्लास्कमध्ये १०० मायक्रोमोलर डेफेरॉक्सामिन, दुसऱ्यात फेरिक अमोनियम सायट्रेट, २० तास. लोह काढले की रिसेप्टर वाढतो, दिले की घटतो. हा फरक दिसला नाही, तर तुमच्या पद्धतीतच खोट आहे. सायटोमीटर तपासायला के५६२ या रक्तकर्करोगाच्या पेशी जवळ ठेवा. त्या तरंगत वाढतात, सोडवाव्या लागत नाहीत आणि सीडी७१ भरपूर दाखवतात. पुण्याच्या एनसीसीएसच्या (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या) पेशी-भांडारात विचारा.

प्रश्न: सीडी७१च्या एच६८.४ क्लोनने वेस्टर्नमध्ये (प्रथिने आकाराने वेगळी करून अँटिबॉडीने शोधण्याच्या चाचणीत) ९५ किलोडाल्टनला स्वच्छ पट्टी येते. तीच अँटिबॉडी जिवंत पेशींवर लावली तर कोरी.
*— प्राध्यापिका, धुळे*

उत्तर: कोरी येणारच. एच६८.४ रिसेप्टरच्या पेशीआतल्या शेपटीला धरते, आणि जिवंत पेशीत अँटिबॉडी आत शिरत नाही. थोड्या पेशी उजळल्याच, तर त्या बहुधा मेलेल्या असतात. पृष्ठभागासाठी ओकेटी९सारखा बाहेरचा भाग ओळखणारा क्लोन घ्या. एच६८.४ वाया गेलेली नाही: फिक्स करून ०.१ टक्का सॅपोनिनने पडदा सैल केलात, तर आतला आणि बाहेरचा मिळून एकूण साठा दिसेल. उलट चूकही होते. फ्लोसाठीचे बरेच क्लोन प्रथिनाचा मूळ आकार ओळखतात. नमुना वेस्टर्नसाठी एसडीएसमध्ये (साबणासारख्या रसायनात) उकळला की आकार मोडतो आणि पट्टी येत नाही.

प्रश्न: मे महिन्यात रंग जोडलेल्या अँटिबॉडीचे पार्सल आले तेव्हा जेल पॅक पूर्ण वितळलेले होते. घाबरून डबी उणे २० अंशांत ठेवली. चालेल?
*— लॅब टेक्निशियन, भुसावळ*

उत्तर: वितळलेल्या पॅकपेक्षा तुमच्या फ्रीझरने जास्त नुकसान केले असण्याची शक्यता आहे. पीई आणि एपीसी हे रंग स्वतःच प्रथिने आहेत आणि गोठल्याने ती मोडतात. रंग जोडलेली अँटिबॉडी २ ते ८ अंशांतच, अंधारात, फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवायची. मागच्या भिंतीला टेकवलेली डबीही कधीकधी गोठते. रंग नसलेली शुद्ध अँटिबॉडी मात्र छोट्या भागांत वाटून गोठवता येते, एकदाच वितळवायची.

भुसावळच्या उन्हात एक-दोन दिवस गेलेली साधी पीई अँटिबॉडी बहुधा तग धरते. पीई-साय७ सारखे जोडरंग मात्र उष्णतेने आणि उजेडाने तुटतात. मग साय७ऐवजी पीईच्या चॅनलमध्ये खोटा सिग्नल दिसतो. जुनी आणि नवी डबी एकाच दिवशी, एकाच के५६२वर, समान प्रमाणात लावून पाहा. नवीपेक्षा जुनीचा सिग्नल स्पष्टपणे कमी आला, तर जुनी टाकून द्या. आणि डबीत सोडियम अझाइड असेल तर ती सिंकमध्ये ओतू नका. तांबे आणि शिशाच्या नळांत त्याचे स्फोटक क्षार साठतात.